बांधाला पडलेलं वळण

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, तर आधी चार घोट पाणी पी. मी ठणठणीत आहे. गुडघा आहे तसाच आहे, गोळ्या वेळेवर घेते, आणि परवा डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघून मला चक्क शाबासकी दिली. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी वाक्य सुरू करते, तू ते मधेच उचलून भलतीकडे नेऊन ठेवतेस, जेवलीस का विचारतेस, आणि कुणीतरी बोलावतंय म्हणून फोन ठेवतेस. कागदाला तसं करता येत नाही. तेव्हा आत्ता ऑफिसात असशील तर हे पर्समध्ये टाक, आणि घरी जाऊन, पाय वर घेऊन, निवांत वाच. लांबलचक आहे. बोलायचं आहे ते तुझ्या नव्या बांधाबद्दल आणि आपल्या घराबद्दल, पण मी वळणावळणानेच येणार. तुला माझी सवय आहे.

गेल्या उधाणाला गल्लीत पुन्हा पाणी आलं. पाऊस नाही, वारा नाही, डोक्यावर लख्ख ऊन, आणि गटाराच्या झाकणांतून समुद्र आपला हळूच वर येतोय. आधी झाकणाभोवती ओलं कडं दिसतं, मग ते पसरतं, मग घड्याळवाल्या काकांच्या पायरीपाशी जरा थांबतं, आणि बघता बघता सगळ्या गल्लीत आभाळ उतरलेलं असतं. अशा दिवसांत आपण मशीनला हात लावायचो नाही. धुण्याचं पाणी सोडायचं कुठे? गटारात आधीच समुद्र बसलेला. म्हणून आपल्या लाँड्रीचं वेळापत्रक चंद्राने ठरवलेलं. भांगाच्या दिवसांत, भरती लहान असते तेव्हा, धुणं. उधाणाच्या दिवसांत इस्त्री. आपल्याकडे चादरी पाठवणाऱ्या हॉटेलच्या नव्या मॅनेजरला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. त्याची समजूत, बाई अमावास्येला घाबरते. पण मला ते इस्त्रीचे दिवस फार आवडायचे. दुपारी गल्लीतल्या पाण्यावरून उजेड आत यायचा आणि पुढच्या खोलीच्या छतावर हलत राहायचा. छतावरून भिंतीवर, भिंतीवरून चादरीवर. वाफ, गरम कापडाचा वास आणि तो डोलणारा उजेड. त्यात मला आपण कुठे आहोत, किती वर्षांच्या आहोत, कशाचं भान उरायचं नाही. तू शाळेतून येऊन दप्तर टाकशील असं वाटायचं, आणि मग लक्षात यायचं की तू आता समुद्राचे नकाशे काढतेस.

शाळेच्या हॉलमध्ये तुमच्या ऑफिसने तो नकाशा लावला, त्या दिवशी तू आली नाहीस. तुझ्या जागी त्या जाड चष्म्याच्या बाई आल्या, आणि तू दुसऱ्या मीटिंगमध्ये अडकली आहेस असं म्हणाल्या. मी मान डोलावली. पण लहानपणी काही फोडलंस की नेमकी तेव्हाच तू पुस्तक उघडून अभ्यासाला बसायचीस, हे मी विसरलेले नाही. बाईंनी समजावलं मात्र छान. जुना बांध आता पुरत नाही. त्याची उंची कितीही वाढवली तरी समुद्र मागोमाग चढतोय, आणि जे पाणी जमिनीखालून, गटारांतून येतं त्याला बांधाच्या उंचीचं काय सोयरसुतक? तेव्हा नवा बांध मागे, उंच रस्त्याच्या कडेने घ्यायचा. जुना मुद्दाम फोडायचा. मधली सखल जागा, म्हणजे आपली गल्ली आणि ती बंद पडलेली बोटींची गोदी, पाण्याला परत द्यायची. तिथे खारफुटी वाढेल, लाटांचा जोर त्या झाडांतच जिरेल, मासे अंडी घालतील, आणि मागचं सगळं शहर कोरडं राहील. मागून कुणीतरी विचारलं, म्हणजे आम्ही जायचं आणि झाडांनी राहायचं? बाई म्हणाल्या, हो, तसंच. वरच्या भागात सगळ्यांना घरं मिळणार आहेत हेही त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, पण कुणी आवाज चढवला नाही. सगळ्यांच्याच गाद्या एकदा ना एकदा भिजून गेलेल्या होत्या. लोक दमले आहेत ग.

मग जो तो नकाशापाशी जाऊन आपलं घर शोधू लागला. मीही गेले. बांधाची लाल रेघ उंच रस्त्याच्या कडेने शहाण्यासारखी सरळ येत होती. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मात्र ती समुद्राकडे वळली, लाँड्रीला वळसा घालून मागे फिरली, आणि पुन्हा रस्त्याला लागून सरळ निघून गेली. शर्टाला खिसा लावावा तशी. त्या खिशात आपलं घर आणि शेजारची दोन रिकामी गोदामं. बाकी अख्खी गल्ली बाहेर. घड्याळवाले काका माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा डोळ्यांवर आणला, आणि त्यांच्या त्या दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, पोरीने तुम्हाला आत घेतलं."

मला काय वाटलं ते सांगू? आनंद झाला. असा आनंद की मला तिथे उभं राहायची लाज वाटली, पण होता तो आनंदच. घर राहिलं. स्वयंपाकघराची खिडकी, तू दारावर केलेल्या उंचीच्या खुणा, तुझ्या बाबांनी स्वतः बसवलेला आणि म्हणूनच कायम गळणारा तो नळ, सगळं राहिलं. गल्लीतल्या बायकांनी येऊन माझे हात धरले. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मला आणखी लागलं. तू त्या दिवशी फोन केलास, गोळी घेतलीस का विचारलंस, नकाशाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मीही काढलं नाही. दोघी कशा शहाण्या. त्यानंतर कितीतरी दिवस मला गाढ झोप लागत होती.

आणि झोपेत एकच स्वप्न सारखं पडायचं. समुद्र लाँड्रीच्या दारात येऊन उभा आहे. आत येऊ का, असं विचारल्यासारखा. पायपुसण्यावर पाय पुसून तो आत येतो, काउंटरपाशी आपली पाळी येईपर्यंत थांबतो, आणि मी हातातलं काम संपवून त्याला या म्हणते. मग पाणी हळूहळू चढतं. कोमट, स्वच्छ, तळ दिसेल असं. फडताळातल्या चादरी एकेक करून उठतात आणि डोलायला लागतात. मी इस्त्री करतेच आहे, फक्त वाफेच्या जागी बुडबुडे निघतायत. बारीक चंदेरी मासे एका शर्टाच्या बाहीतून आत शिरतात आणि दुसऱ्या बाहीतून बाहेर पडतात, मला गंमत वाटते, आणि मी तो शर्ट तसाच ठेवून देते. स्टुलावर तुझे बाबा बसलेले असतात. हातात पाना असतो, पण ते उठत नाहीत. मी म्हणते, अहो, पंप लावा. ते नुसते हसतात. मला भीती अशी कधी वाटलीच नाही. जाग आली की उलट वाईट वाटायचं, की एवढ्यात कोरडं झालं सगळं.

खरं तर हे स्वप्न त्यांना सांगितलं असतं तर ते फुरंगटून बसले असते. पंपघरात सगळी नोकरी गेली, ज्याला भरतीभरतीला शहराबाहेर काढलं तोच घरात गिऱ्हाईक म्हणून आला, आणि बायको त्याला या म्हणतेय! समुद्राशी त्यांचं वैर नव्हतं, पण ऑफिसातल्या एखाद्या डोईजड माणसाशी असतं तसं काहीतरी होतं. घरी आल्यावर पहिलं वाक्य, आज फार त्रास दिला त्याने. तुला ते पंपघरात न्यायचे. तिथल्या त्या जाड निळ्या पाइपावर तुझा तळहात ठेवायचे आणि सांगायचे, बघ, आतून समुद्र चाललाय. तू घरी येऊन तो तळहात मला दाखवायचीस, त्याला काही चिकटलं असावं अशा थाटात. एकदा तू त्यांना विचारलंस, काढलेलं पाणी जातं कुठे? ते म्हणाले, जातं कुठे, परत येतं. त्यावर तू जेवली नाहीस. मग बाबा पाणी काढतात कशाला, म्हणून मला भंडावून सोडलंस. मला वाटतं तुझं शिक्षण, तुझी नोकरी, ते तुझे मोठमोठे नकाशे, सगळं त्या न जेवलेल्या ताटातून निघालं. त्यांना तुझा अभिमान होता. तोंडावर त्यांनी तो कधी दाखवला नाही, पण मशीन दुरुस्त करायला जो कुणी यायचा त्याला ऐकून घ्यावंच लागायचं.

असो. लोक गल्ली सोडायला लागले. घाईगर्दी नव्हती. आज एका घराचे पडदे निघायचे, दोन-चार दिवसांनी दुसऱ्याचे. घड्याळवाल्या काकांनी भिंतीवरची सगळी घड्याळं उतरवली आणि ती बांधायला माझ्याकडून जुन्या उशांचे अभ्रे नेले. मी म्हटलं, बंद तरी करा ती. ते म्हणाले, बंद केली तर घाबरतात. गाडी निघाली तेव्हा आतून कितीतरी टिकटिक येत होती, आणि ती वळणापर्यंत ऐकू आली. त्यानंतर गल्लीत असा शुकशुकाट झाला की मशीन थांबलं की मला माझाच श्वास ऐकू यायचा. मग मी कल्पना करून बघितली. तीन बाजूंनी बांध, माझ्या दुप्पट उंच. बाहेर समुद्र, आत मी आणि गोदामांतले उंदीर. पाणी दिसणार नाही, गल्ली नाही, छतावर उजेड नाही. दिवसा दिवा लावून इस्त्री करायची. गिऱ्हाइकाला पत्ता काय सांगायचा, खिशात या? हसू आलं, पण मनात कुठेतरी कुरतडायलाही लागलं.

अशातच बांधाची रेघ आखून खुंट्या ठोकायला जाड चष्म्याच्या बाई आल्या. हाताखालच्या माणसांना चिखलात पाठवून आपण काठावर उभं राहायचं, असा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून गोदीच्या गाळात त्याच कमरेपर्यंत रुतल्या. माणसांनी त्यांना ओढून काढलं आणि माझ्याकडे आणलं. भांगाचे दिवस होते हे नशीब. मी त्यांचे कपडे मशीनमध्ये टाकले आणि कुणा गिऱ्हाइकाचा कधीच न नेलेला फुलाफुलांचा झगा त्यांना घालायला दिला. तो घालून त्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून स्टुलावर बसल्या. सगळा सरकारी रुबाब काचेमागे साबणात गरगर फिरत होता. मी संधी साधली. विचारलं, रेघ इथेच का वळते हो? त्या म्हणाल्या, कागदावर इथे महत्त्वाची इमारत म्हणून नोंद आहे. भिंगरी, मला हसू आवरेना. चार मशीन, एक गळका नळ, आणि महत्त्वाची इमारत! त्याही हसल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला.

मी म्हटलं, मी तिची आई आहे, कुठे तक्रार करायला जाणार नाही, पण मला खरं काय ते सांगा. त्यांनी सांगितलं. खाडीच्या तोंडातून येणाऱ्या पाण्याचा सगळ्यात मोठा जोर बरोबर आपल्या घरासमोर असतो. इथेच खारफुटीला ऐसपैस जागा हवी. रेघ वळली की तिथे झाडांना जेमतेम पट्टा उरतो, आणि एवढ्याशा पट्ट्यात ती तग धरत नाहीत. मग झाडांत जिरायचं ते पाणी बांधाच्या कोपऱ्यावर आपटणार, तिथून वळणार, आणि पुलाखालच्या वस्तीत घुसणार. वस्तीच्या मधोमध ते प्रसूतिगृह आहे. मी विचारलं, हे तिला माहीत आहे? बाई म्हणाल्या, आम्हाला हे तिनेच शिकवलं. ऑफिसात सगळ्यांना ते वळण दिसतं, कुणी काही बोलत नाही. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, साधी खिडकीजवळची खुर्चीसुद्धा नाही. मी म्हटलं, म्हणून तुम्ही सगळे गप्प? त्यांनी चष्मा काढून त्या झग्याला पुसला. "आई आम्हा सगळ्यांनाच आहे," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर ओहोटी लागली तशी मी गोदीत गेले. तू बोर्डिंगच्या शाळेत गेल्यापासून मी तिकडे फिरकलेच नव्हते. काय झालंय तिथे, तुला प्रत्यक्ष बघायला हवं. म्हणजे तू बघितलंच असशील, पण नकाशासाठी. बोटी ओढायच्या उतारावर गुडघाभर रोपं उभी आहेत. मोडक्या होडीत एक झाड आरामात बसलंय, पान न् पान चकाकतंय. चिखलातून श्वास घ्यायला मुळं बोटांएवढी वर आली आहेत, हजारोंनी, की पाय कुठे ठेवावा कळेना. एक नांगी मोठी असलेले ते खेकडे मला बघून नांगी हलवत होते, ये म्हणून की जा म्हणून, तेच जाणोत. आणि तुझे निवटे! चिखलावर पोट घासत उड्या मारणारे ते गोल डोळ्यांचे मासे, ज्यांच्यासाठी तू तासन्‌तास पालथी पडून राहायचीस आणि ज्यांच्यामुळे तुझा एकही फ्रॉक मला कधी पांढरा ठेवता आला नाही. ही झाडं कुणी लावली नाहीत, त्यांना कुणी कुंपण घातलं नाही. आपली आपण चालत येऊन ती आपल्या मागच्या भिंतीपासून हाताच्या अंतरावर थांबली होती. लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या त्यांच्या मधून गेल्या होत्या. खुंट्यांच्या आतली सगळी उपटायची होती. मी एका दगडावर बसले. सगळीकडून बारीक बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता, ऊन पाठीवर होतं, आणि मला झोप येते की काय असं वाटलं. असं वाटलं, की ही सगळी नुसती वाट बघतायत, आणि वाटेत बसलेय ती मी.

तुझा राग आला. खूप आला. पुलाखालच्या वस्तीत एखादी बाई पोटुशी असेल, तिच्या खाटेखाली पाणी भरेल, आणि मी इकडे कोरड्या जमिनीवर हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत बसेन? तू मला ओळखत नाहीस का? असलं कोरडेपण मला मानवेल असं तुला वाटलंच कसं? मनातल्या मनात मी तुला भरपूर झापलं. मग चिखलाने बरबटलेले पाय घेऊन घरी आले, न धुताच पुढच्या खोलीत जाऊन बसले, आणि राग बसल्या जागी विरघळून गेला. कारण त्या खोलीत बसलं की तू हे का केलंस ते विचारावंच लागत नाही.

तुला वाटतं मला माहीत नाही. तुझ्या बाबांचे शेवटचे दिवस होते. पलंग आपण पुढच्या खोलीत आणला होता, छतावर उजेड हलत होता, आणि तू त्यांच्या उशाशी बसली होतीस. मी पडद्यामागे चादरींच्या घड्या घालत होते. त्यांनी तुला सांगितलं, आईला या घरातून कुणी काढणार नाही एवढं बघ. तू हो म्हणालीस. मी चादरीची दोन टोकं हातात धरून तशीच उभी राहिले. घडी पुरी करायचं सुचेना. ते काही मोठे बोलणारे नव्हते, जन्मात त्यांनी तुझ्याकडे काही मागितलं असेल तर तेवढंच. मी त्याबद्दल कधी बोलले नाही, तूही नाही. तू ती रेघ ओढत होतीस तेव्हा तुझा हात त्यांनीच धरला असणार. आणि म्हणूनच तू हॉलमध्ये आली नाहीस, म्हणूनच घरी येत नाहीस, म्हणूनच फोनवर माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पोरी, किती दिवस एकटीने वाहतेयस हे. त्या दिवशी पडदा बाजूला सारून बाहेर यायला हवं होतं मी, पण त्यांचा चेहरा एवढा निवांत झाला होता, की माझी पावलं हलली नाहीत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मी ते त्या घरात बसून लिहीत नाहीये. पाकिटाच्या मागे पत्ता आहे, घाईत तू तो वाचला नसशील. उंच रस्त्यावर, त्या घंटेच्या मनोऱ्याच्या पलीकडे, मला तळमजल्यावर दुकान आणि वर खोली मिळाली आहे. मशीन आली, बसली, चालूही झाली. शेजारी घड्याळवाले काका आहेत, आणि लगेच भुवया उंचावू नकोस, ते मला अजून वहिनीच म्हणतात. घराचा ताबा मी जाड चष्म्याच्या बाईंकडे दिला. त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्यांनीच सांगितलं, की नकाशा सोमवारी सहीला जातो आणि तोवर रेघ तुझ्याच हातात आहे. निघताना मी रडले, खोटं कशाला बोलू. खोल्याखोल्यांतून फिरले, भिंतींना हात लावला, दार उघडंच ठेवलं आणि मागे वळून बघितलं नाही. हे तू आता नीट ऐक. तुझ्या बाबांनी मागितलं होतं, की मला तिथून कुणी काढू नये. मला कुणी काढलेलं नाही. मी माझ्या पायांनी, भर दुपारी, माझी पिशवी माझ्या हातात घेऊन निघाले आहे. तू दिलेला शब्द शाबूत आहे, आणि त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन, तीस वर्षं त्यांची समजूत मीच काढत आले आहे. आता त्या घरात कुणी नाही, भिंगरी. रिकाम्या घरासाठी बांध वळवायचं तुला काही कारण उरलेलं नाही. रेघ सरळ कर आणि मग मला भेटायला ये.

तुझीच,
आता उंच रस्त्यावर राहणारी
आई